तिसऱ्या गाण्यातला खोकला

४ मार्च

धाकटे,

पत्र बघून छातीत धस्स करून घेऊ नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण मी फोनवर ओरडून बोलतो असं सगळ्यांचं म्हणणं आहे, आणि मी ओरडलो की सूनबाईला ऐकू जातं. जे सांगायचंय ते नेमकं तिच्याच कानावर जायला नको. ती आमच्या मंडळाची सचिव आहे आणि नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत. तिच्यापासून इंचभरही काही लपत नाही.

मंडळ कुठलं हे तुला ठाऊक आहे, तरी तू दर वेळी हसून विचारतेस म्हणून पुन्हा सांगतो. मूळ बँड कधीच मोडला. एक जण वारला, उरलेले तिघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. ‘दुसरी आवृत्ती’ हा आमचा बँड त्यांचीच गाणी, त्यांच्याच धर्तीचे कपडे घालून, जशीच्या तशी वाजवतो. गाणारा एरवी मोटार शिकवतो, गिटारवाला लिफ्ट दुरुस्त करतो आणि ड्रम वाजवते ती दवाखान्यात नर्स आहे. आम्ही त्यांचे चाहते, एकूण तेवीस टाळकी, आणि मी अध्यक्ष.

तर येत्या २१ मेला हा बँड मूळ बँडची ती चाळीस वर्षांपूर्वीची कॉन्सर्ट पुन्हा करणार आहे. त्याच तारखेला, त्याच हॉलमध्ये. तिच्या रेकॉर्डवर जे जे आहे ते सगळं होणार. दुसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटली होती, ती तोडणार. पाचव्यानंतर सात मिनिटं वीज गेली होती, ती घालवणार. आणि तिसऱ्या गाण्यात गाणारा सहा सेकंद थांबतो तेव्हा प्रेक्षकांतून खोकला येतो, दोन आखूड आणि एक लांब, मग गाणारा म्हणतो ‘औषध घ्या’ आणि सगळे हसतात, तेही व्हायला हवं. हा खोकला आमच्या लोकांना गाण्याइतकाच पाठ आहे. रस्त्यात दोघं भेटले की एक खोकतो, दुसरा म्हणतो औषध घे. तोच आमचा नमस्कार.

आता माझी गोची ऐक. मंडळात सगळ्यांना माहीत आहे की मी त्या कॉन्सर्टला होतो. ‘जे’ रांग, चौदा नंबरची खुर्ची. आमच्यातला एकमेव माणूस, म्हणून तर अध्यक्ष. आणि तुला माहीत आहे की मी नव्हतो. मी एकशे तीन तापात पडलो होतो, तरी जाणार म्हणून हटून बसलो होतो, आणि तिकीट शर्टाच्या खिशात धुऊन निघालं. तूच तो लगदा तळहातावर आणून दाखवला होतास. आई गेली, आता हे जगात आपल्या दोघांनाच माहीत.

सूनबाई तुला फोन करेल, ‘कौटुंबिक आठवणी’ जमवायला. तू एवढंच म्हण, दादा गेला होता आणि खूश होऊन आला. ती खोकणाऱ्याबद्दलही विचारेल. मी मागे सांगून बसलोय की माझ्या मागे डावीकडे एक जाडा मिशीवाला होता, तोच खोकला. तेवढं सांभाळ.

तुझा, अजून तरी अध्यक्ष असलेला,
दादा

११ मार्च

दादा,

सूनबाईचा फोन येऊन गेला. मी म्हटलं, गेला होता, दोन दिवस पाय जमिनीवर नव्हते त्याचे. मी कवळ्यांच्या कामाला बसले होते, हातात एका वकिलाची होती, ती यंत्रावर घासत घासत बोलले, त्यामुळे आवाज कापला असेल तर यंत्राच्या नावावर खपलं. हे बाजूला बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, तुम्हा भावंडांचं काय चाललंय. मी म्हटलं, जेवा.

पण तुझा तो जाडा माणूस मला अजिबात पटलेला नाही. मिशी कुठून आणलीस? मी तीस वर्षं लोकांच्या तोंडांचे साचे हाताळतेय, मला खोकला कळतो. जाडा माणूस पोटातून खोकतो. हा खोकला बारीक अंगाच्या माणसाचा आहे, तरुण माणसाचा, आणि तो दाबायची पराकाष्ठा चाललेली आहे. बाईसुद्धा असेल. उगाच कुणा ढेरपोट्याला श्रेय देऊन मोकळा होऊ नकोस.

आणखी एक. मागच्या वेळी आला होतास तेव्हा ह्यांना हॉलच्या लाल गाद्यांच्या खुर्च्या सांगत होतास. खुर्च्या हिरव्या होत्या. लाकडी बैठक, माणूस उठला की फाटकन वर जायची. मागच्या पडद्याला उजव्या कोपऱ्यात चौकोनी ठिगळ होतं. आणि ‘औषध घ्या’ तो माइकमध्ये नाही म्हणाला, मान वळवून म्हणाला, म्हणून रेकॉर्डवर लांबून ऐकू येतं. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं मी हे सगळं. उपयोग होईल तर बघ.

धाकटी

२४ मार्च

धाकटे,

तुझ्या मासिकाला शंभर वर्षं आयुष्य लाभो. रविवारच्या बैठकीत मी सहज म्हणावं तसं म्हटलं, खुर्च्या हिरव्या होत्या बरं का, आजवर मी लाल म्हणायचो, वयाचा दोष. आणि पडद्याचं ठिगळ टाकलं. आमच्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, त्यांना माझ्याबद्दल आठ वर्षं संशय आहे. ते उठले, पिशवीतून हॉलचा एक जुना फोटो काढला आणि भिंगाखाली धरला. खुर्च्या हिरव्या. पडद्याला ठिगळ. पोस्टमास्तरांनी फोटो पिशवीत ठेवला आणि माझ्यासाठी स्वतः उठून पाणी आणलं.

खोकणारी बाई असेल हे तुझं मत मात्र कुणी मनावर घेतलं नाही. जाडा मिशीवाला सापडलाय. आमचा बेकरीवाला, मिशी खरी, पोट खरं. सकाळी पाव भट्टीत गेले की माझ्या चष्म्याच्या दुकानात येतो आणि मी एकीकडे काचा घासत असताना समोर उभा राहून खोकतो. लांब खोकला अजून आखूड पडतो, पण कष्ट घेतोय बिचारा. परवा एक गिऱ्हाईक घाबरून चष्मा न घेताच निघून गेलं.

आता खरी बातमी. तो लगदा मी चष्म्याच्या जुन्या घरात जपून ठेवलाय हे तुला माहीत नसेल. मंडळाला मी सांगितलंय की तिकीट कॉन्सर्टहून आल्यावर धुतलं गेलं. २१ मेला तो लगदा हॉलच्या दाराशी काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं, इथवर ठीक होतं. पण सूनबाईला सीट नंबरचा पुरावा हवाय. ग्रंथालयात जुने कागद दुरुस्त करणारी एक बाई आहे, ती वाफेवर धरून असले लगदे उलगडते. उलगडलं तर तिकीट अख्खं निघेल ना, दारावर फाडलेलं नसेल. शेंबड्या पोरालाही कळेल की हे तिकीट हॉलमध्ये गेलंच नाही. माझी पाचावर धारण बसली आहे. काय करू ते लवकर कळव.

दादा

३० मार्च

दादा,

आजच्या आज नष्ट कर तो. विचार करत बसू नकोस. शेगडीत घाल, गटारात टाक, काय वाटेल ते कर, आणि सूनबाईला सांग उंदराने नेला. बाईच्या हाती लागता कामा नये. हे मी फक्त तुझ्या काळजीने सांगतेय, माझा त्यात काय संबंध.

झालं की एका ओळीत कळव.

धाकटी

९ एप्रिल

धाकटे,

माझ्यासाठी तुझा जीव इतका तुटतो हे मला माहीत नव्हतं. पत्र वाचून बरं वाटलं.

पण जमलं नाही गं. मंगळवारी दुपारी दुकान बंद करून पुलावर गेलो. चष्म्याचं घर उघडलं, लगदा हातात घेतला. बोराएवढा, वाळून दगड झालाय. हात कठड्याबाहेर काढला आणि तसाच उभा राहिलो. शेवटी एक पोलीस येऊन विचारायला लागला, काका, सगळं ठीक ना. परत आलो. त्या कॉन्सर्टमधलं माझ्याकडे एवढंच आहे, धाकटे. हे टाकलं तर काहीच नाही.

तू म्हणशील, साठीचा माणूस आणि काय हा पोरकटपणा. म्हण. पण तुला सांगतो, हे खोटं मी पहिल्यांदा तुझ्या वहिनीला सांगितलं, लग्नाआधी, तिच्यावर छाप पाडायला. मग ते पसरतच गेलं. ती गेल्यावर वर्षभर मी दुकान आणि घर, घर आणि दुकान. कुणी आलंच तर अक्षरं वाचायला लावायची, अ का ब, आता कसं दिसतं, एवढंच बोलणं. मग हे मंडळ निघालं. रविवारी पाच वाजता बावीस माणसं माझी वाट बघतात. मी बोलायला लागलो की गप्प होतात. सूनबाईसुद्धा, जी घरात मला मीठ जास्त घेतलं म्हणून बोलते, ती तिथे माझं बोलणं वहीत उतरवून घेते. हे पितळ उघडं पडलं की मी पुन्हा नुसता काचा घासणारा म्हातारा. मला त्याची भीती वाटते.

२५ एप्रिलला, सगळ्यांसमोर, ती बाई लगदा उलगडणार आहे. तारीख पक्की झाली.

दादा

१३ एप्रिल

दादा,

हे पत्र दुकानात वाचू नकोस. घरी जा, दार लाव, बस.

तो लगदा तिकिटाचा नाही. तुझ्या खोकल्याच्या औषधाच्या खोक्यात माहितीचा कागद असायचा, घडी घातलेला, तो आहे. मी तो बेसिनमध्ये भिजवून चोळला आणि तुझ्या शर्टाच्या खिशात कोंबला. मग शर्ट धुतला. मग तुला आणून दाखवला.

तिकीट माझ्याकडे होतं. जे चौदावर मी बसले होते, तुझा निळा कोट घालून, केस टोपीत खुपसून. आईला सांगितलं होतं मैत्रिणीकडे शिवण शिकायला जातेय.

आणि तो खोकला माझा आहे. आठवडाभर तू खोकत होतास, आपण एका खोलीत झोपायचो, मला नाही लागणार तर काय शेजाऱ्यांना लागणार? पहिली दोन गाणी मी कोटाची बाही दातांत धरून काढली. तिसऱ्यात तो थांबला आणि माझा धीर सुटला. आठशे माणसांनी माना वळवल्या. त्या गाणाऱ्याने मला अंधारात शोधून काढलं आणि म्हणाला, औषध घ्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तू माझ्या जागी ढेरपोट्या मिशीवाला बसवलास.

तसं बघितलं तर खोकला तुझाच होता. तुझ्याकडून घेऊन मी तिथे पोचवला.

मागितलं असतं तर तू तिकीट दिलं नसतंस. फाडून फेकलं असतंस, पण दिलं नसतंस. सतराव्या वर्षी मला एवढं कारण पुरलं. घरी आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून रडत होतास, वीस वर्षांचा घोडा, हुंदके देऊन. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि खोकलाच आला. मग तू वहिनीला सांगितलंस की मी गेलो होतो. मी शेजारच्याच खुर्चीत होते. मला सुटल्यासारखं वाटलं रे. म्हटलं चला, आता याचं काही गेलं नाही.

चुकलं माझं. हे चाळीस वर्षांपूर्वी म्हणायचं होतं.

धाकटी

२७ एप्रिल

आदरणीय आत्या,

मंडळाची सचिव या नात्याने लिहीत आहे, शेवटचा परिच्छेद सोडून.

दिनांक २५ रोजी सायंकाळी पाच वाजता सभा सुरू झाली. उपस्थिती बावीस. लगदा उलगडण्यापूर्वी अध्यक्ष उठून उभे राहिले आणि म्हणाले की आपण त्या कॉन्सर्टला नव्हतो, कधीच नव्हतो, आपली धाकटी बहीण होती आणि तो खोकला तिचा आहे. त्यानंतर सगळे एकदम बोलले. बेकरीवाले रडले. गेला दीड महिना ते एका अस्तित्वात नसलेल्या माणसाचा सराव करत होते.

विषयपत्रिकेवर असल्यामुळे लगदा तरीही उलगडण्यात आला. त्यावर ‘दोन चमचे, दिवसातून तीन वेळा, आधी बाटली हलवावी’ एवढे वाचता आले. पोस्टमास्तरांनी लक्षात आणून दिले की हा त्याच खोकल्याच्या औषधाचा कागद आहे. टाळ्या झाल्या. तिकिटाहून ही वस्तू मोलाची आहे असा ठराव एकमताने संमत झाला आणि ती पेटीत ठेवण्यात येईल.

अध्यक्षांना पदावरून दूर करण्यात आले. तात्पुरते अध्यक्ष म्हणून पोस्टमास्तर काम पाहतील. खोकल्यासाठी चाचणी नव्याने घेण्याचे ठरले असून आपणही आपला खोकला ध्वनिमुद्रित करून ५ मेपर्यंत पाठवावा, ही विनंती. निवड निनावी पद्धतीने होईल. मूळ खोकणारीसाठी वेगळा नियम करता येणार नाही.

आत्या, बाबा नीट जेवत नाहीत. मी सगळं खरं लिहून घेतलं हे बरोबरच केलं, पण घरात मला त्यांच्याकडे बघवत नाही. तुमचं पत्र त्यांच्या उशीखाली आहे. उत्तर लिहायला बसतात आणि उठतात. तुम्ही काहीतरी लिहा ना.

तुमची सून

१० मे

दादा,

तू उत्तर देत नाहीस. नको देऊस. मी लिहिते.

चाचणीत मी तिसरी आले. तुझ्या सूनबाईने शिक्का मारून निकाल पाठवलाय. ‘मूळ ध्वनीशी साम्य अल्प. लांब खोकल्यात आत्मविश्वास जास्त.’ पहिला बेकरीवाला. दुसरा कोण तर गिटारवाल्याची सासू. मी ह्यांना कागद वाचून दाखवला तर हे इतके हसले की ह्यांना ठसका लागला, आणि तो ठसका, खरं सांगते, माझ्याहून बरा होता. चाळीस वर्षं ज्या खोकल्याला लोक डोक्यावर घेऊन नाचतात तो मी खोकले आणि मलाच तो येत नाही म्हणे. मी सूनबाईला फोन करून भांडले. ती म्हणाली, आत्या, नियम. मात्र जे चौदा तुम्हालाच मिळेल, कारण त्या खुर्चीवर तुम्ही बसला होतात. तिकीट आजच आलं.

दादा, ते सगळं ठीक आहे. तू माझ्यावर ओरड. पत्रात ओरडलास तर सूनबाईला ऐकू जाणार नाही. पण हे गप्प बसणं सोड. आपल्याला तिसरं भावंड नाही.

धाकटी

१४ मे

धाकटे,

ओरडतो. तू एक नंबरची कारटी आहेस. चाळीस वर्षं मी खोकल्याच्या औषधाचा कागद देवासारखा सांभाळला. तीनदा घर बदललं, तिन्ही वेळा तो मी खिशात घालून नेला, सामानात टाकला नाही. तुझ्या वहिनीने एकदा कपाट आवरताना तो इकडचा तिकडे केला तर मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. कुठल्या तोंडाने तिची माफी मागू आता?

तिकिटाचा राग नाही. मी दिलं नसतं, हे तू खरं लिहिलंस. राग याचा आहे की तू ते सगळं बघितलंस आणि मला सांगितलं नाहीस. मी पोरांना, पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना खोटं खोटं सांगत राहिलो, कुठे काय वाचून, रेकॉर्ड ऐकून जोडून, आणि जिने खरं बघितलं ती माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत होती. एकदा दिवा मालवल्यावर सांगितलं असतंस. मी दोन दिवस चिडलो असतो आणि तिसऱ्या दिवशी म्हटलं असतं, पुन्हा सांग. तेवढं तू मला द्यायला हवं होतंस. शिवाय खुर्च्या पहिल्यापासून हिरव्या झाल्या असत्या.

झालं ओरडून. हात दुखला.

मंडळाचं म्हणशील तर २५ तारखेनंतर मी रविवारी गेलोच नाही. घरीच बसलो. सोमवारी पोस्टमास्तर दुकानात आले. चष्म्याची दांडी वाकडी झालीय म्हणाले. दांडी सरळ होती. मी ती उगाच थोडी वाकवली आणि पुन्हा नीट केली. त्यांनी चष्मा घातला, आरशात बघितलं आणि म्हणाले, काल खुर्च्या लावायला कुणी नव्हतं, तुमचं हे बरोबर नाही. एवढं बोलून गेले. ह्या रविवारी गेलो. आता मी अध्यक्ष नाही, खुर्च्यांचा माणूस आहे. बोलायला कुणी सांगितलं नाही, पण बेकरीवाल्याने माझ्याकडे बघून खोकला काढला. मी म्हटलं, औषध घे.

२१ ला मी दारावर उभा राहीन, तिकिटं फाडायला. सूनबाईने तेवढं काम दिलंय. तू ये. जे चौदा तुझं आहे. मी तुझं तिकीट फाडेन आणि तेव्हा थोडंसं कोपरखळीसारखं काहीतरी करेन, ते सोसून घे.

दादा

१७ मे

दादा,

मी येत नाही. मला खोकला झालाय. ताप एकशे तीन. हे म्हणतात थर्मामीटर ह्यांनी बघितलेला नाही, पण ह्यांचं काय ऐकायचं.

तिकीट सोबत आहे. सूनबाईला वेगळं लिहिलंय की ही जागा मी मूळ मालकाला परत करतेय आणि याला तिच्या नियमांत हरकत असेल तर तिने येऊन माझा ताप मोजावा. तिचं उत्तर आलं, एका शब्दात. मंजूर.

दारावर तिकिटं फाडायला पोस्टमास्तर उभे राहणार आहेत. तू नीट रांगेत ये. मध्ये घुसू नकोस.

एक सांगते, आजवर सांगितलं नाही ते. त्या दिवशी शेवटच्या गाण्याच्या वेळी मी रडले होते. गाणं चांगलं होतं म्हणून नाही. शेजारी तू असायला हवा होतास असं वाटलं, आणि तुझाच कोट अंगावर होता.

जा आता.

धाकटी

२३ मे

धाकटे,

ताप उतरला असेल अशी खात्री आहे, असले ताप २१ तारीख गेली की उतरतात.

मी गेलो होतो. आता तुला जे घडलं ते सांगतो. खुर्च्या भाड्याच्या, निळ्या प्लास्टिकच्या, पण सूनबाईने सगळ्यांना हिरवी खोळ शिवून घेतली होती. पोस्टमास्तरांनी माझं तिकीट उलटं सुलटं करून बघितलं, भिंगाखाली धरलं, आणि मगच फाडलं. अर्धा तुकडा माझ्या हातात ठेवून म्हणाले, या. तार ठरल्या जागी तुटली. विजेची मात्र पंचाईत झाली. घालवली ती सातव्या मिनिटाला परत येईना. एकोणीस मिनिटं अंधार. शेवटी गिटारवाला शिडी मागवून स्वतः वर चढला, लिफ्टचा माणूस म्हणून निभावलं. त्याच्या सासूने खालून शिडी धरली होती.

आणि खोकला. बेकरीवाला माझ्या मागे डावीकडेच बसला होता, मिशीला तेल लावून. दोन महिने रोज खोकून बिचाऱ्याचा घसा बसला होता, म्हणून त्याने आठवडाभर औषध घेतलं होतं. औषध लागू पडलं. गाणारा थांबला. सहा सेकंद झाले. मागून नुसता वारा आल्यासारखा आवाज आला, त्याने तोंड उघडलं होतं पण आत काही नव्हतं. मग अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला, जे चौदाकडे. म्हणजे तुझ्याकडे बघितलं होतं तसंच असेल. मी खोकावं अशी सगळ्यांची इच्छा होती. मला येईना. मी इतका नीट बसलो होतो, दोन्ही हात मांडीवर, गाणं पुढे कधी सुरू होतं याची वाट बघत, की घशात काही नव्हतंच. सूनबाईच्या वहीत तेरा सेकंद लिहिलेत. मग गाणाऱ्याने मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि उगाचच म्हणाला, औषध घ्या. छप्पर उडेल एवढे हसले लोक. मीही हसलो. शेवटच्या गाण्याला मी उभा होतो की बसलो होतो ते मला आठवत नाही.

सूनबाई घरी येताना म्हणाली, बाबा, तेरा सेकंद म्हणजे सात जास्त, हे पुन्हा करावं लागेल. मी म्हटलं, कर. तिने माझा हात धरला होता, रस्ता ओलांडून झाला तरी.

काल सकाळी दुकान उघडलं तर एक तरुण शिक्षिका आली, चष्मा नाकावरून घसरतो म्हणाली. तिच्या वर्गातल्या पोरांनी तिला कॉन्सर्टचं सांगितलं होतं. तिने विचारलं, तुम्ही होतात ना तिथे? चाळीस वर्षांत हा प्रश्न मला किती वेळा विचारला असेल. ‘होतो’ म्हणायचो आणि तो एक शब्द झाकायला अर्धा तास बोलायचो, हातवारे करून, उभं राहून. मी चिमटा खाली ठेवला आणि म्हटलं, हो, होतो.

ती पुढचं ऐकायला थांबली. मी तिचा चष्मा घेतला, दोन्ही दांड्या कानाच्या मापाने वाकवल्या, आणि मला पुढे काहीच सांगावंसं वाटलं नाही.

दादा